हळू म्हणायचं कडवं

इस्पितळाच्या लाँड्रीत तिन्ही मशिनं एकदम फिरू लागली की बाया एकमेकींच्या कानात तोंड घालून बोलत. ताईला त्याची गरज कधी पडली नाही. ती गायची, आणि मळक्या कपड्यांची गाडी ढकलत येणारा म्हातारा दाराबाहेरूनच ओरडायचा, "आज गडी जोरात दिसतोय!" गुरू नाही, शिकवणी नाही. मशिनांवर मात करता करता गळा तयार झाला तेवढाच.

पहाटे पाचला मात्र हाच गळा प्रार्थनाघरात लागायचा. सव्वीस वर्षं पहिली प्रार्थना तिचीच. नवरा गेला त्या आठवड्यातही तिने खाडा केला नाही. पैसा नव्हता त्यात, पण पुढची जागा होती. दिवसभर 'ए चादरवाली' ऐकणाऱ्या बाईला तिथे वकिलाची बायको वाट सोडून म्हणायची, "आधी तुम्ही, ताई." हे ज्याला कधी मिळालं नाही, त्यालाच त्याची किंमत कळते.

एकच काटा होता. जुन्या प्रार्थनेत देवाला जाब विचारणारं एक कडवं आहे: 'हाक मारली तेव्हा तू कुणाच्या घरी होतास?' अध्यक्षांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "बाई, हे हळू म्हणायचं. लोक बिथरतात." बिथरतात म्हणे! ज्यांच्यावर हाक मारायची वेळच आली नाही, त्यांना सगळं हळूच बरं वाटतं. ताई वॉर्डातल्या चादरी धुवायची. डाग बघून तिला कळायचं, इथे कुणीतरी रात्र काढली आणि कुणी आलं नाही. तरी सव्वीस वर्षं तिने ते कडवं तोंडातल्या तोंडात म्हटलं.

तिचा धाकटा भाऊ रुग्णवाहिका चालवायचा आणि रविवारी दुपारी, पत्र्याचा कारखाना बंद असला की, तिथे दोघा मित्रांबरोबर हेवी मेटल वाजवायचा. एक वायरमन, दुसरा ठोक्या, आठवडाभर पत्रे ठोकणारा आणि रविवारी ड्रम. तिघंही चाळिशी ओलांडलेले. गायकाच्या गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून नुसतंच वाजवत होते. एका रविवारी भाऊ घराची किल्ली खिशात घालून गेला, म्हणून ताई तणतणत तिथे पोचली.

"अरे बंद करा! मेलेला उठून बसेल!"

"उठला तर पुण्यच की, ताई," ठोक्या म्हणाला. "तुमच्या प्रार्थनेने झोपतात, आमच्याने उठतील."

झोंबलं. "वाजव," ती म्हणाली. "बघू कोण झोपतंय." आणि तिने नेमकं तेच कडवं उचललं, पोटापासून. पत्र्याच्या भिंती थरथरल्या. तिघांचाही ताल चुकला, कारण बाई मोजून गातच नव्हती. जिथे श्वास संपेल तिथे तिची ओळ संपायची.

"ताई, चार मात्रांवर थांबायचं असतं," ठोक्या म्हणाला.

"दम काय तुझ्या चार मात्रा बघून लागतो? तुम्ही माझ्या मागून या."

ते आले. ठोक्या तिच्या खांद्यांवर नजर ठेवून बसायचा. खांदे वर गेले की काठी वर, खाली आले की घाव. असं आठ महिन्यांत आठ गाण्यांचं रेकॉर्डिंग झालं. जुन्या प्रार्थना, शब्द तेच, आवाज असा की डब्यातले खिळे उडावेत.

चूक तिने सरळ मनाने केली. प्रार्थना प्रार्थनाघराच्या, म्हणून परवानगी मागायला गेली.

"अल्बम? वा!" अध्यक्ष खूश. "वाद्यं आहेत?"

"आहेत थोडी. जोरात वाजतात."

खोटं एक अक्षर नाही. पण अध्यक्षांनी ऐकायची तसदी न घेता सभेत जाहीर करून टाकलं: येत्या रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून अल्बम ऐकायचा, मोठ्या स्पीकरवर. लोकांनी ताईला हात जोडले.

पुढचे चार दिवस तिच्या अंगाला स्वस्थता नव्हती. चादरी उलट्या घड्या व्हायच्या. पहाटे साडेतीनलाच उठून दारापर्यंत जायची, परत यायची. शेवटी भाऊ दोन पेनड्राइव्ह घेऊन आला.

"ताई, काळ्यात सगळं आहे. पांढऱ्यात नुसता तुझा आवाज, वायरमनने वाद्यं काढून टाकलीत. पांढरा दे, जागा वाचेल. आम्हाला राग नाही."

"तुम्हाला राग नाही! मोठे आलेत."

तिने पांढरा लावून ऐकला. आवाज स्वच्छ होता, पण एकटा पडल्यासारखा, कुणाच्या तरी दारात उभं राहून परवानगी मागणारा. अर्ध्यातच बंद केला. मग काळा लावायला हात गेला आणि थांबला. सव्वीस वर्षं. दोन्ही पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून ती रविवारी निघाली. वाटेत तीनदा चप्पल सारखी करायला थांबली. चप्पल ठीकच होती.

प्रार्थनाघर गच्च. भाऊ, वायरमन आणि ठोक्या मागच्या भिंतीला टेकून, इस्त्रीच्या शर्टात. अध्यक्षांनी हात पुढे केला. "आणा, बाई." आणि हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "ते कडवं हळूच म्हटलंय ना?"

ताईने पर्समध्ये हात घातला. काळा आपोआप हाताला लागला नाही, तिने शोधून काढला.

ड्रमच्या पहिल्या ठोक्याला पुढची रांग दचकली. दुसऱ्याला वकिलाची बायको कान झाकून उठली. मग ताईचा आवाज आला, आणि कडवं आलं, मोठ्याने. पाच-सात जण बाहेर पडले. गाडी ढकलणारा म्हातारा मात्र मधल्या रांगेत ताठ बसला होता. त्याची मुलगी गेल्या वर्षी त्याच इस्पितळात वारली होती. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

गाणं संपलं. अध्यक्ष लालबुंद. "बंद करा हा धिंगाणा! बाई, उद्यापासून पुढची जागा दुसऱ्या कुणाला दिली जाईल."

ताई पुढच्या जागेवरून हलली नाही.

"द्या," ती म्हणाली. "पण आज माझीच आहे. बसा खाली. अजून सात आहेत."