आधी माझे हात हुंगा

बालवाडीच्या दारात बाई उभ्या असत आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाचं तोंड हुंगत. गाल धरून "आ कर" म्हणत, नाक जवळ नेत, पापणी खाली ओढून डोळा बघत आणि मगच आत सोडत. त्यांचं खरं नाव वस्तीत कोणी घेत नसे. आयाबाया त्यांना हुंगीबाई म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे.

आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. चांदूर रेल्वेला जिनिंगच्या मागच्या एका खोलीत ही बालवाडी होती. आई कापूस निवडायला जिनिंगमध्ये जायची. जाताना मला आणि कडेवरच्या धाकट्या भावाला, बापूला, तिथे सोडायची. त्या काळी कामावर जाणाऱ्या बाया लहान मुलाला दुधात अफूचा बारीक कण कालवून देत. मूल दिवसभर निजून राही, काम होई. यात कोणाला वावगं वाटत नसे. बाईंना मात्र त्या कडवट वासाचा राग होता. "हे पाजलं का लेकरू निजत नाही, विझते," असं त्या म्हणत. म्हणून हे हुंगणं.

बाईंचा दुसरा संशय गप्प मुलांवर. मी गप्प मुलगी होते. घरीदारी सगळे त्याचं कौतुक करत. बाईंनी पहिल्याच दिवशी मला उठवलं. "गप लेकरू मले पटत नाही. पळ त्या लिंबापर्यंत." मग स्वतः पदर खोचून आमच्याबरोबर पळाल्या. कोण धापा टाकतं, कोण मधेच बसतं, कोणाचे ओठ पांढरे पडतात, हे लिंबाखाली उभ्या राहून बघायच्या. परत आल्यावर गूळ-शेंगदाणे. आयांना हे पळणं मुळीच पसंत नव्हतं. "आमी पोटाले चिमटा घेऊन लेकराले खाऊ घालतो, अन् हे बाई पळवून पळवून जिरवते," असं एकजण तोंडावर म्हणाली. "जिरलं तरच अंगी लागन," बाई म्हणाल्या आणि पुढच्या मुलाचं तोंड हुंगू लागल्या.

बापू दोन वर्षांचा होता. पावसाळ्यानंतर तो सुकत चालला. संध्याकाळी घरी आणलं तरी मान टाकून पडे. भाकरीचा तुकडा तोंडात दिला तर तो तसाच तोंडात राही. एकदा जिनिंगला दुपारीच सुटी झाल्यामुळे आई लवकर न्यायला आली, तेव्हा बाईंनी तिला दारातच अडवलं.

"खरं सांग. घरून काय चारून आणतं याले?"

आई भडकली. "तुमी आमच्याच लेकरायचे तोंड कावून हुंगता, हे मले समजते, बाई. आमच्या घरचं सगळं नासकंच वाटते तुमाले."

"मी सगळ्यायचेच हुंगतो."

"मंग सकाळी याच्या तोंडाले वास आला का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"सकाळी हा माह्या कडेवर लाथा मारते. तुमच्या खोलीत येते अन् दुपारी असा मुर्दा पडते. मंग वास कोणाचा घ्याले पायजे?"

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने रागाच्या भरात विचारलं होतं. पण बाई वळल्या आणि कोपऱ्यात बसलेल्या मथुरामावशीकडे गेल्या. मावशी बालवाडीतल्या तान्ह्या आणि बापूसारख्या बारक्या मुलांना सांभाळायच्या. बाईंनी त्यांचा हात उचलून नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

मावशींनी नाकारलं नाही. "तुमी मोठ्यायले घेऊन लिंबाकडे जाता. मांगं या बारक्यायले एकटी कशी सांभाळू? एक रडलं का सगळे रडते. माह्या मायनं आमाले बी हेच देलं होतं. आमी का मेलो?"

बाई खाली बसल्या. त्यांनी बापूला मांडीवर घेतलं आणि त्याचं तोंड हुंगलं.

झाकता आलं असतं. हे माहीत असलेली आई एकटीच तर होती, आणि तिच्यावर वस्तीबाहेर कोणी विश्वास ठेवला नसता. पण त्या संध्याकाळी बाई तान्ह्यांच्या घरोघरी गेल्या आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगून आल्या, की तुमच्या मुलाला माझ्या खोलीत अफू दिली गेली आणि मी रोज दारातच बघत राहिले. शिव्या खाल्ल्या. निम्मी मुलं येईनाशी झाली. मथुरामावशींना त्यांनी काढलं नाही, फक्त खोलीतून बाहेर काढलं. तान्ह्यांची सतरंजी लिंबाखाली गेली, आणि रांगणाऱ्यांना चालवायचं काम मावशींकडे आलं.

आईनेही आम्हाला नेणं बंद केलं होतं. पण जिनिंग सुटलं तर चूल कशी पेटणार? काही दिवसांनी ती पुन्हा आम्हाला घेऊन दारात उभी राहिली. बाईंनी बापूच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. "आधी माहे हात हुंगा. मंग मावशीचे."

आईने हुंगले. अगदी नीट, बोटं उलगडून. त्यानंतर रोज हुंगत राहिली, आणि तिचं बघून बाकीच्याही हुंगू लागल्या. बापू पळायला लागला तरी हा रिवाज चालूच होता. एकदा उशीर झाला म्हणून आई बापूला तसंच सोडून निघाली, तर बाईंनी रस्त्यापर्यंत हाक मारली.

"आज कावून नाही?"

"आता भरोसा आला, बाई."

"आला म्हणूनच हुंगा."

पुढे मी मॅट्रिक झाले. अमरावतीला कॉलेजात निघाले, तेव्हा बाई स्टेशनवर आल्या होत्या. चष्म्याला दोरा, केस पिकलेले. गाडी सुटायच्या आधी त्यांनी माझी पापणी खाली ओढून बघितली. "वसतिगृहात कोणी म्हटलं, लय गरीब, गप पोरगी हाय, तं समज तुह्यं काहीतरी बिघडून राहिलं," असं बजावलं. आई शेजारी उभी होती. तिने सवयीने बाईंचा हात धरून नाकाशी नेला. दोघींनाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

गाडी हलली. बापू, आता माझ्याहून उंच झालेला, डब्याच्या बाजूने फलाटाच्या टोकापर्यंत पळत आला. मी खिडकीतून बाईंना हात केला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. डोळ्यांवर हाताची सावली धरून त्या बापूला धाप लागते का, ते बघत होत्या.