पितळी पिचकाऱ्यांचं जहाज

आमच्या कापसाच्या जिनिंगमधला फिटर चहाच्या ग्लासालाही टिचकी मारून मगच तो उचलायचा. बारा वर्षं जहाजावर काढलेला माणूस. "चाक पुढं, सुकाणू पार मागं," तो सांगायचा. "मधी नळीत तेल. हितनं दाबलं की तितला जाड दट्ट्या सुकाणू वळवतो." समुद्र न पाहिलेलं सोलापूर हसायचं. मीही हसायचो. तालमीतला पैलवान तर त्याला तोंडावर थापाड्या म्हणायचा.

एका दुपारी त्यानं बारीक आणि जाड अशा दोन पितळी पिचकाऱ्या रबरी नळीनं जोडून तेल भरलं. जाड पिचकारी रस्त्यावरच्या खांबाला बांधली, तिचा दांडा पैलवानाच्या छातीला टेकवला. बारीक पिचकारी घेऊन हा समोरच्या चहाच्या हॉटेलात दाराकडे पाठ करून बसला. दाबली. पैलवान जागचा हलला नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

त्यानं नळीला टिचक्या मारत एकेक बुडबुडा बाहेर काढला. "हवा दबती. तेल न्हाय दबत," म्हणाला आणि अंगठ्यानं दांडा रेटला.

पैलवानाच्या टाचा मातीत घासत दोन बोटं मागं सरकल्या.

फिटरनं मान वळवली नाही. "वळलं का?" एवढंच विचारलं.

"वळलं!" सगळी गल्ली ओरडली, आणि सगळ्यांत मोठा आवाज पैलवानाचा होता.