छत्तिसातले उरलेले चार

फिल्मच्या रोलची काळी डबी आमच्याकडे हिंगासाठी वापरतात. काल ती उघडली, तर हिंगाखालून फिल्मचा तो आंबूस वास आला, किंवा मला तसं वाटलं. आणि आम्ही परदेशात, पार्सिपनीला राहत होतो तेव्हाची, २००६च्या हिवाळ्यातली एक सकाळ आठवली.

एक जुनी जपानी कंपनी फिल्म आणि कॅमेरे, दोन्ही बनवणं बंद करणार अशी बातमी होती. माझ्या आजोबांच्या जन्माआधीची कंपनी! माझा कॅमेरा तिचाच, रोलही तिचाच. मी स्वयंपाकघरात तावातावाने बोलत होतो, "इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकांना असं वाऱ्यावर सोडतात? लाज वाटायला हवी!"

साताऱ्याहून आलेली आई नवा कोट घालून दाराशी उभी होती. बर्फ ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. "अरे, माझा बर्फात एक फोटो काढ ना."

"आई, रोलमधल्या छत्तीस फोटोंतले चारच उरलेत. आता जपून वापरायला हवेत."

"मग काय, लोणचं घालणार आहेस त्यांचं?"

बायको हसली. मी काही हललो नाही. आईने कोट काढून ठेवला.

मार्चमध्ये ती परत गेली. पुढच्या हिवाळ्याआधीच वारली.

कंपनीवरचा राग केव्हाच गेला. तिने निदान आधी कळवलं होतं. आता चीड येते ती माझीच. ते चार फोटो मी एप्रिलमध्ये काढले, नव्या गाडीचे, चारी बाजूंनी. चारही अगदी स्वच्छ आले आहेत.