डाव्या स्पीकरमागची किणकिण

भर दुपारी मांडवीची वाट निपचित पडते. होड्या वाळूवर, मासळी बाजारात, माणसे पानावर. अशा वेळी महिपत मयेकरांच्या बंद दारातून देऊळ ऐकू येई. आधी गुरवाचा खडा आवाज, मग पन्नास कंठांतून एकदम उसळलेले "व्हय महाराजा!", आणि मागे समुद्राची गाज. नवखा माणूस थबकून देऊळ शोधू लागे. पण ते देऊळ वर डोंगराच्या कुशीत होते, आणि त्या पन्नासांतले अर्धे कंठ केव्हाच राख झाले होते.

महिपतनानांनी चौतीस वर्षे बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. आयुष्याची वाटणी अशी झाली की दहा महिने दर्याला आणि दोन महिने घराला. सावित्रीकाकूंनी त्याबद्दल कधी कपाळाला आठी घातली नाही. नाना रजेवर येत, सामान ओटीवर टेकवत, आणि आतून एवढेच शब्द येत, "आलात? हातपाय धुवा, वाढते." कौतुक नाही, तक्रार नाही, डोळ्यांत पाणी नाही. चौतीस वर्षांचे स्वागत त्या चार शब्दांत मावत असे.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर नानांच्या ध्यानात आले की घरात तिचे फोटो आहेत, लुगडी आहेत, हातची लोणची आहेत, पण आवाज कुठेच नाही. फोनवर ती चार शब्द बोलून ठेवून देई. आवाज राखून ठेवावा असे कुणाला सुचले नव्हते. ज्या घरात देवाचे नाव तिच्या ओठांतून रोज उमटले, त्या घराच्या भिंतींनी त्यातला एक स्वर राखू नये? नाना भिंतींना कान लावून बसत. भिंती गप्प होत्या.

मग बाबल्याने एक कॅसेट आणून दिली. बाबल्या म्हणजे वाडीचा लाउडस्पीकरवाला. लग्न असो की भजन, कर्णा त्याचाच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी नानांची बोट वादळात सापडली, नऊ दिवस खबर नव्हती. तेव्हा ते सुखरूप परतावेत म्हणून वाडीने देवळात गाऱ्हाणे घातले, गुरवाने देवाकडे मागायचे आणि गावाने "व्हय महाराजा" म्हणायचे. नानांनीच दुबईहून आणलेला दोन माइकचा टेपरेकॉर्डर काकूंनी बाबल्याच्या हाती दिला होता, "ते आले की ऐकतील" म्हणून. ते आले, पण ऐकणे राहूनच गेले. कॅसेट बाबल्याच्या पेटीत पडून राहिली.

"वयनी पयल्या रांगेत होती, नाना," बाबल्या म्हणाला. "माझ्या डोळ्यांसमोर हाय. आवाज आसणारच ह्यात."

त्या एका वाक्यावर नानांनी तीन वर्षे लावली.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आला, कमरेएवढे दोन स्पीकर आले, जुना भारी कॅसेट डेक मुंबईहून आला. डेक हादरू नये म्हणून त्याच्याखाली जांभ्याचा तासून घेतलेला चिरा बसला. खारी हवा पिना खाते, म्हणून दर शनिवारी एकेक पिन स्पिरिटने पुसली जाई. स्पीकरांत बारीक घरघर होती, तर नानांनी परसात वेगळा अर्थिंगचा खड्डा खणला, त्यात मीठ आणि कोळसा भरला. कातळाची जमीन, खड्डा सुकला की घरघर परत. म्हणून सकाळी तुळशीला एक तांब्या आणि खड्ड्याला एक तांब्या. तुळशीपुढे ते हात जोडत. हळूहळू खड्ड्यापुढेही जोडू लागले.

आणि खरोखर, प्रसाद मिळावा तसे देऊळ उघडत गेले. आधी जो नुसता गलका होता त्यातून माणसे सुटी झाली. स्पीकर बोटभर आत वळवले, तर गुरव भिंतीपासून दोन हात पुढे येऊन उभा राहिला. दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे लाकूड नाही, तार नाही, काही नाही, तिथे गाभाऱ्याचा उंबरा दिसू लागला. भिकाजीआजोबांचा खोकला उजवीकडे, महादू तांडेलाचा घोगरा "व्हय" त्याच्या मागे. नाना डोळे मिटून एकेकाला भेटत. सगळे भेटले, सावित्री तेवढी भेटली नाही. पन्नास उत्तरांत एकही उत्तर तिचे नव्हते.

भेटली ती एक किणकिण.

डाव्या स्पीकरच्या मागे, छातीच्या उंचीवर, काचेवर काच लागावी तशी. गुरवाच्या दोन वाक्यांमध्ये सगळे श्वास रोखत, तेव्हा ती ऐकू येई. नानांचा जन्म बिघाड शोधण्यात गेला होता. त्यांनी ओळखले, कुठेतरी स्क्रू ढिला आहे. बाबल्याला बोलावले. त्याने स्पीकरच्या पेटीला कान लावला, जाळी काढली, मागून बुक्की मारली.

"नाना, माझ्या कर्ण्यात चिमणीने घरटं केलं तरी मी लग्न उरकतो. तुम्ही एका किणकिणीपायी घर उसकटलंत."

"बिघाड आहे रे. मधे येतो. त्याच्यामुळेच ती ऐकू येत नसेल."

"मग गाठा बिघाडाला," बाबल्या हसला. मग हसू थांबवून म्हणाला, "पण स्पीकरात काय नाय हां. तो आवाज पेटीतून येतच नाय. मागून येतोय. मागं तर भिंत हाय."

नानांनी तार बदलली, व्हॉल्व्ह बदलले, पेटीच्या सांध्यात रबर भरले. किणकिण जिथल्या तिथे. शेवटी डाव्या कोपऱ्यात भाताच्या तुसाने भरलेल्या गोणी छतापर्यंत रचल्या, भिंतीवर काथ्याच्या चटया ठोकल्या. तेव्हा ती विझली. आणि तिच्याबरोबर देऊळही विझले. माणसे कागदाची झाली, समुद्र आटला, गुरव पुन्हा भिंतीला चिकटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना जेवून सुपारी कातरत बसले होते. डेक बंद होता, भिंतीवरचे बटण बंद होते. गोणींच्या मागून किणकिण आली. अगदी हलकी, थरथरती, थांबून थांबून. नानांच्या हातातला अडकित्ता मिटला तो उघडेना. त्यांनी देवाचे नाव घेतले. नाव घेता घेता किणकिण वाढली.

चार वाजता त्यांनी मथुराकाकूंना बोलावणे धाडले. मथुराकाकू म्हणजे सावित्रीची जन्माची सोबतीण. वय ऐंशी, पाय अधू, कान मात्र तिखट. त्यांना खुर्चीत बसवून नानांनी कॅसेट लावली. "तिचा आवाज कुठे येतो, तेवढे दाखवा."

गुरवाने सुरुवात केली, "हे देवा महाराजा! तुझं लेकरू महिपत परमुलखाच्या दर्यावर हाय. त्याच्या वाटेत जो काय वारा आडवा आला आसंल, तो दूर सार रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मथुराकाकू सवयीने खुर्चीतूनच म्हणाल्या. मग चमकून नानांकडे पाहिले. "तिचा आवाज? तो ह्यात कसा आसंल?"

"होती ना ती पहिल्या रांगेत?"

"होती. पण ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, त्याच्या घरच्यानं व्हय म्हणायचं नसतं. गावानं म्हणायचं. आपल्या वाडीची रीत हाय ही. तुम्हाला ठाऊक नाय? बोटीवरच जन्म काढलात मेल्यांनो."

नानांनी कॅसेट थांबवली.

"ती डाव्या खांबाशी उभी होती. हातात नारळ, असा छातीशी धरून. तोंडातून चकार शब्द नाय. पण हात काय ऐकतात? नऊ दिवस अन्न नव्हतं पोटात. असे थरथरत होते. बांगड्यांचा आवाज मला मागं ऐकू येत होता."

नानांनी वळून गोणींकडे पाहिले. ज्या एका आवाजासाठी त्यांनी तीन वर्षे तप केले, तोच आवाज त्यांनी तुसाखाली पुरला होता.

मथुराकाकू मात्र थांबल्या नव्हत्या. "माणूस परत आला की त्यानं देवळात जायचं, तिच्या हातचा नारळ घेऊन देवापुढं ठेवायचा आणि स्वतः व्हय म्हणायचं. तेव्हा ती गाऱ्हाण्यातून सुटते. तुम्ही गेलात?"

नानांना आठवले. महिन्याने ते घरी आले होते, चार दिवसांसाठी, अंगात ताप. देवघरात नारळ होता. ती म्हणाली होती, "देवळात जाऊन येऊ?" ते म्हणाले होते, "पुढच्या रजेला." तिने आणखी एकदा विचारले, मग कधीच नाही. नारळ सुकून खुळखुळा झाला, आणि कधी नाहीसा झाला ते त्यांना कळलेही नाही.

"नाय गेलो," नाना म्हणाले.

"मग ती उभीच हाय," मथुराकाकू अगदी सहज म्हणाल्या.

सत्तरीला टेकलेल्या त्या माणसाने मग एकट्याने एकेक गोणी ओढून परसात टाकली. चटया उचकटल्या. तुसाची धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहिली. देवघरातला ताजा नारळ त्यांनी दोन्ही हातांत घेतला, कॅसेट मागे नेली, आणि खुर्चीत न बसता स्पीकरांच्या मधोमध, उंबऱ्याच्या जागी उभे राहिले. मथुराकाकू ओटीवर जाऊन बसल्या.

देऊळ उघडले. कधी नव्हे इतके खोल उघडले. गुरव बोलला, गाव बोलला, समुद्र बोलला. आणि त्या सगळ्याच्या आत, डावीकडे, हातभर अंतरावर, काचेवर काच थरथरत राहिली. आता तो बिघाड नव्हता. मनगट दिसावे इतका तो आवाज जवळ होता.

"त्याला सुखरूप घरी आण रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" गाव म्हणाले. आणि गावाच्या मागोमाग, अठ्ठावीस वर्षे उशिरा, नाना म्हणाले, "व्हय महाराजा."

त्यांनी वाकून नारळ जमिनीवर ठेवला. पण तो टेकण्याआधीच नारळ ठेवल्याचा आवाज आला, डावीकडून, दगडावर ठेवल्याचा.

किणकिण थांबली.

टेप फिरत होती. गाव बोलेना, समुद्र बोलेना. मग एक आवाज आला. ओटीवर मथुराकाकूंनी पदर डोक्यावर ओढून घेतला, म्हणजे त्यांनीही ऐकले. तो स्पीकरमधून आला नाही. मागून आला, स्वयंपाकघराच्या बाजूने, साधा, रोजचा, जरा थकलेला.

"आलात? हातपाय धुवा, वाढते."

नानांनी डेक बंद केला नाही. मागे वळूनही पाहिले नाही. ते मुकाट्याने परसात गेले आणि तांब्या भरून पायांवर पाणी ओतू लागले.