साळूबाईचा फोन उचलायचा नाही

इमाम माझा दोस्त आणि आमच्या गावचा बँडमास्तर. इस्लामपूरच्या अंगाला कुठंही वरात निघू दे, पुढं क्लॅरिनेट त्याचंच असायचं. वरातीसाठी त्यानं स्वतः एक चाल बांधली होती. सोयरिकीत रुसून बसलेला मामासुद्धा तिच्यावर नाचायचा. आम्ही ती गाण्यांच्या एका वेबसाइटवर टाकली आणि निर्धास्त झालो. मग डीजे आले, बँड मोडला आणि क्लॅरिनेट खुंटीला लागलं.

यंदा त्याच्या रुक्सारचं लग्न ठरलं. पोरगी हटूनच बसली, डीजे नको, अब्बांची चाल पाहिजे. इमामनं क्लॅरिनेट काढलं, सुरुवात झोकात केली आणि मध्येच थांबला. पुढचं काही केल्या आठवेना. जुन्या साथीदारांनाही आठवेना. वेबसाइट उघडावी तर ती कधीच बंद पडलेली. डोंबलाची वेबसाइट! लेकीला काय तोंड दाखवू, म्हणत इमाम डोकं धरून बसला. मला लय वाईट वाटलं.

तेवढ्यात मला शेजारची साळूबाई आठवली. तिचा जयराज फौजेत. भरती होऊन जाताना त्यानं आईच्या बटणाच्या फोनला हीच चाल रिंगटोन म्हणून लावून दिली होती. पण त्या फोनवर ती पुरती कुणीच ऐकली नव्हती. फोन वाजत ठेवला की करणाऱ्याचे पैसे जातात, अशी बाईची पक्की समजूत. त्यामुळं पहिल्याच सुराला ती फोन उचलते.

आम्ही तिच्या सोप्यात जाऊन बसलो. त्या फोनातनं चाल काढायची कशी, ते कुणालाच जमेना. म्हणून इमामनं आपल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, मी फोन लावला. तिनं चटकन उचलला आणि कोण बोलतंय म्हणून विचारलं. मी समोरच बसलेलो! परत लावला, परत उचलला. पोराचा फोन वाटून हात आपोआप जातो, म्हणाली. शेवटी तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

फोन वाजत राहिला. अडलेली जागा आली, गेली, चाल पुढं निघाली आणि पार शेवटापर्यंत पोचली. इमाम हसत होता आणि डोळेही पुसत होता.

साळूबाई म्हणाली, "आवं इमामभाऊ, एवढी मोठी हाय व्हय ही? मी आपली रोज दारातनंच परतत हुते."

आता ती चाल निम्म्या गावाच्या फोनात आहे. एकाच जागी ठेवायची चूक पुन्हा नाही.

वरातीत इमामनं पहिला सूर काढला आणि सवयीनं साळूबाईचा हात कमरेच्या पिशवीतल्या फोनकडे गेला. मग तोच हात वर करून ती नाचायला लागली.