डाव्या कात्रीची बैठक

मी डावखुरी आहे. जेवते उजव्या हाताने, लिहितेही उजव्या हाताने, कारण लहानपणी तशी सवय लावली गेली. कात्री मात्र उजव्या हातात कधी बसलीच नाही. शिवणाच्या क्लासला असताना सगळ्यांची असते तीच उजव्या हाताची कात्री मी डाव्या हातात धरून चालवायची. वरचं पातं खडूची रेघ झाकून टाकायचं, मग मान वाकडी करून अंदाजाने कापायचं.

लग्न होऊन केडगावला आले आणि घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायला लागले. नवरा टेम्पो चालवतो, पुण्याच्या खेपा असतातच. एकदा येताना त्याने डाव्या हाताची कात्री आणली. अशी कात्री मिळते हेही मला माहीत नव्हतं. त्या कात्रीने पहिला ब्लाउज कापताना खडूची रेघ पूर्ण दिसली आणि मी मधेच थांबून नुसती बघत राहिले.

वर्षभराने तिची धार गेली. दारावरून सायकलवाला धारवाला जातो, त्याला दिली. त्याने मन लावून काम केलं, ठिणग्या उडाल्या, मी खूश. आत येऊन अस्तर कापायला घेतलं तर कात्री कापेना, चावायला लागली. कापड दुमडून दोन पात्यांच्या मधे जायचं आणि तिथेच अडकायचं.

दुपारी सासऱ्यांनी ती कात्री पाहिली. आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात. ते मूळचे देवळाली प्रवरेकडचे, पण सगळी नोकरी इथे एमआयडीसीत, ग्राइंडिंगच्या कामावर. रिटायर झाल्यावर त्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटा ग्राइंडर बसवला होता. गल्लीतल्या सुऱ्या, विळ्या, खुरपी यांना धार लावून द्यायचे. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे चहा नेला की "ठेव", जेवायला वाढलं की "पुरे". म्हणून कात्री त्यांच्याकडे द्यायचं मला सुचलंच नव्हतं.

कात्री उघडून त्यांनी पातं उजेडाकडे धरलं.

"धारेचा ढाळ उलट्या अंगाला पडलाय," ते म्हणाले. "त्याची चूक न्हाई. सगळ्या कात्र्यांना जसा हात जातो तसाच हिलाबी गेला."

"मग आता फेकायची का?"

"फेकती कशाला? स्क्रू काढून आन."

मी दोन्ही पाती सुटी करून शेडमध्ये नेली. ग्राइंडरच्या चाकापुढे लोखंडाची एक आडवी पट्टी होती, मामा तिला टेकू म्हणायचे. पातं टेकूवर आतल्या सपाट अंगाने झोपवायचं, त्याची पाठ एका खुंटीला टेकवायची आणि तसंच धरून चाकासमोरून सरकवत न्यायचं. खुंटीमुळे पातं मागे हटत नाही, टेकूमुळे खाली-वर होत नाही, म्हणून ढाळ टोकापर्यंत एकसारखा येतो. हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. इतकी वाक्यं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पण माझं पातं त्या खुंटीला बसेना. टोक डावीकडे केलं की धार चाकाकडे यायची, पण सपाट अंग वर जायचं. टोक तिकडेच ठेवून सपाट अंग खाली घेतलं की धार त्यांच्या पोटाकडे यायची, आणि टोक उजवीकडे केलं की खुंटी आडवी यायची. त्यांनी ते चार बाजूंनी फिरवून पाहिलं. मी चहा आणला, तो निवला, तरी ते टेकूकडेच बघत बसले होते.

"ही आरशातली कात्री हाय," शेवटी ते म्हणाले. "पातं तसं न्हाई बसायचं. बैठकच फिरवाया पायजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेकूला दुसऱ्या अंगाला भोक पाडून खुंटी तिकडे बसवली. आता पातं टोक उजवीकडे करून छान बसलं. मग भंगारातली एक पट्टी घेऊन त्यांनी हात चालवून पाहिला आणि तिथे वेगळीच अडचण आली. आता डाव्या हाताने पुढे न्यायचं होतं. पट्टी मधेच अडखळायची, खुंटीपासून सुटायची, धारेवर खाच पडायची. दोन-तीन पट्ट्या वाया गेल्यावर त्यांनी मशीन बंद केलं.

"माझा डावा हात अडाणी हाय," ते म्हणाले आणि स्टुलावरून उठले. "तू बस."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. स्वयंपाकघराच्या दारातून आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "अहो, तिला कुठं बसवताय? पदर अडकंल."

"खोचंल ती पदर. चष्मा घाल गं."

मी पदर खोचला, त्यांचा मोठा चष्मा घातला. चाक फिरायला लागलं. पट्टी खुंटीला टेकवली आणि सरकवली. शिलाई मशीनवर कापड सरकवतो तशीच ती गेली, न अडखळता. मामांनी दुसरी पट्टी पुढे केली.

पट्ट्या जमल्यावर खरं पातं घेतलं. चाक नेमकं कुठे घासतं ते दिसावं म्हणून आधी त्यांनी काळ्या मार्करने त्याची सगळी धार रंगवून घेतली. "एकदाच, हलक्या हातानं," ते म्हणाले. मी पातं चाकाला नुसतं लावून घेतलं.

"काय दिसतंय?"

"मागचा काळा रंग गेलाय. धारेकडचा तसाच आहे."

"मंजी बैठक अजून चुकीची हाय. टेकू जरासा वळव."

टेकू वळवला, पुन्हा रंगवलं, पुन्हा लावलं. आता धारेकडचाच रंग गेला. परत थोडं उलटं. असं करत एकदा धारेपासून मागेपर्यंत सगळा रंग एकसारखा निघाला. त्यानंतर टेकूला हात लावायचा नाही, मधेमधे पातं पाण्यात बुडवायचं आणि घासत राहायचं, एवढंच काम उरलं.

दुसरं पातंही तसंच करून कात्री जोडली आणि ओल्या मलमलीवर चालवली. सरसर कापत गेली, पण टोकाशी पुन्हा चावली. मी रडायच्या बेतात होते. मामांनी टोकाला नखाने चाचपलं.

"शेवटाला हात उचलतीस तू. चाक सुटंस्तवर खुंटी सोडायची न्हाई."

पुढच्या दुपारी फक्त टोकं केली. या वेळी मलमल टोकापर्यंत कापली गेली. मामांनी कापलेली कड बोटाने तपासली, "हं" म्हणाले आणि आत्यांना दाखवायला तो तुकडा आत घेऊन गेले. आत्यांनी त्याने ओटा पुसला.

त्यानंतर दुपारचं काम संपलं की मी शेडमध्ये जायला लागले. आसपासच्या शिवणाऱ्या बायका कात्र्या आणून देतात, त्या मी करते. सुऱ्या-खुरप्यांचं काम मामांकडे. रेशीम कापायच्या कात्रीला ढाळ थोडा जास्त द्यावा असं माझं म्हणणं होतं, ते त्यांना पटेना. मग एका जुन्या कात्रीवर करून बघितलं. आता तशी कात्री आली की टेकू तेही तसाच लावून देतात, पण पटलं असं म्हणत नाहीत.

उन्हाळ्यात बऱ्याचदा लाइट जाते. चाक हळूहळू थांबतं आणि शेडमध्ये एकदम शांत होतं. आधी अशा वेळी ते उठून निघून जायचे. हल्ली बसतात. कंपनीतल्या मोठ्या मशीनविषयी सांगतात, गावाकडच्या उसाविषयी सांगतात, लग्नाआधी आत्यांना बघायला गेले तेव्हा सायकल कशी पंक्चर झाली तेही सांगून झालंय. आत्या आतून ओरडून त्यात दुरुस्त्या करतात. लाइट आल्याचं कधी कधी आम्हाला चाक आपोआप फिरायला लागल्यावरच कळतं.