एक आण्याची खाच

रविवारी मी दिल्लीतल्या मुनिरक्याला भाजी घ्यायला जाते. तिथे फुटपाथवर एक जण जुनी नाणी मांडून बसतो. त्याच्याकडे दर रविवारी एक म्हातारी बाई यायची. तिचं नाव मला माहीत नाही. तिच्या पिशवीत निळ्या मखमलीची डबी असायची आणि डबीत आण्यांच्या काळातली, आरशासारखी नाणी. ही नाणी चलनात कधी आलीच नव्हती. टांकसाळीत खास पाडलेल्या अशा नाण्यांना प्रूफ म्हणतात, हे तिच्याच बोलण्यातून मला कळलं. एक आण्याची खाच तेवढी रिकामी होती.

ती नाणं फक्त कडेने धरायची, उन्हात तिरपं करून बघायची आणि परत ठेवायची. एकदा त्याने तिला एक लखलखीत आणा दिला. तिने तो नाकाशी नेला.

"इमली से घिसकर चमकाया है। यह प्रूफ नहीं।"

तो हसला. "माताजी, डाल दो ना डिब्बी में. कौन देखने आ रहा है?"

"मैं देखूँगी ना," ती म्हणाली आणि डबी मिटली.

गेले काही रविवार ती दिसली नाही. मी भाजीसुद्धा बोटाने दाखवून घेते, परक्या माणसाशी बोलायचं टाळते. तरी आज पिशवी खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिले.

"भैया, एक आना है? प्रूफवाला."

त्याने एक चकचकीत आणा पुढे केला. मी तो कडेने धरला, वास घेतला आणि परत दिला.

"इमलीवाला नहीं. असली मिले तो माताजी के लिए रखना. मैं फिर पूछने आऊँगी."